इंजिन चाचांकडे द्या, रंग मात्र दुसरीकडे

नाशिकमध्ये जुनी टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी) गाडी नीट करून देणारं कोण आहे असं सारखं कोणी ना कोणी विचारतं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. द्वारकेवरून वडाळा नाक्याकडे जाताना आतल्या गल्लीत एक गॅरेज आहे, बोर्ड नाही, शटरवर मोबाईल नंबर खरडलाय तोही अर्धा पुसलेला, पण आजूबाजूच्या कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याला "राजदूतवाले चाचा" म्हणलं की बोट करून दाखवतात. इंजिनच्या कामाला माझ्याकडून पाचपैकी पाच, रंगाला दोन, तेही दुसऱ्यांदा मारून दिला म्हणून. वेळेला मार्क देण्यात अर्थच नाही.

गाडी म्हणजे राजदूत जीटीएस १७५. हे नाव कोणी घेत नाही, सगळे बॉबीच म्हणतात, कारण १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर हीच बुटकी मिनीबाईक चालवतो. एस्कॉर्ट्सची मोठी राजदूत ही पोलंडच्या एसएचएल एम११ वरून आलेली, आणि तिचंच १७३ सीसीचं इंजिन ह्या छोट्या गाडीत बसवलं. जुनी बॉबी घ्यायला निघालेल्याने हे डोक्यात ठेवायलाच पाहिजे, कारण मोठी राजदूत गावोगावच्या दूधवाल्यांनी वर्षानुवर्षं दामटवली त्यामुळे इंजिनचे पार्ट अजून कुठे ना कुठे मिळतात, पण बॉबीची टाकी, सीट, मडगार्ड मिळत नाही आणि मिळालंच तर समोरचा तोंडाला येईल तो भाव सांगतो. म्हणजे इंजिन जाम असलं तरी घ्या, पत्रा अर्धा गायब असेल तर कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत या.

माझी लासलगावकडे एका कांद्याच्या चाळीत पडून होती. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) वाकडा, टाकीला खालून भोकं, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, किक दगडासारखी घट्ट. पण पत्रा सगळा होता आणि आरसी बुक पण होतं. मालकाच्या मुलाला ती भंगारात घालायची होती, आजोबा घालू देत नव्हते, त्यांच्या भांडणात माझं काम झालं.

चाचांनी गाडी टेम्पोतून उतरवायच्या आधी कागद मागितले. "कागद नसलेली गाडी मी दारात उभी करून घेत नाही बेटा." मग खाली बसून चेसिस नंबर घासून काढला, इंजिन नंबर बघितला, दोन्ही आरसीवर ताडून पाहिले आणि नंबरावर ग्रीस लावून वरून टेप मारली. तेव्हा मला वाटलं उगाच नाटक, पण नंतर कळलं की सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं) आणि पेंटमध्ये हा नंबर बुजला तर आरटीओत इन्स्पेक्शनला गाडी चोरीची नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. हे दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये कोणी केलेलं मी तरी पाहिलं नाही.

आता इंजिन. जाम इंजिनला बरेच मेस्त्री तिसऱ्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढेमागे हिसकवतात नाहीतर किकवर उभे राहतात. चाचांनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतलं आणि गाडी कोपऱ्यात ढकलून दिली, मी फोन केला की "मुरू दे" एवढंच. पिस्टन सुटला तेव्हा कुठे हेड, म्हणजे सिलेंडरचं झाकण, उघडलं. आत बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) आधीच शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत मोठा केलेला निघाला, म्हणजे आता नुसतं बोअर करून भागणार नव्हतं, स्लीव्ह, म्हणजे आत नवीन नळी, टाकणं आलं. इथे खरी गंमत आहे. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, पोर्ट म्हणतात त्याला, आणि पिस्टन वरखाली होताना त्याच उघडतो-झाकतो. नवीन स्लीव्हमध्ये ह्या खिडक्या अगदी मूळ जागी, मूळ उंचीला कापायला लागतात, जरा इकडेतिकडे झालं की इंजिनचं टायमिंगच बदलतं, आणि कडा घासून गोल नाही केल्या तर रिंग त्यात अडकून तुटते. फक्त फोर-स्ट्रोकचं काम करणारा लेथवाला हे हमखास बिघडवतो. चाचा स्वतः सिलेंडर घेऊन अंबड एमआयडीसीतल्या त्यांच्या लेथवाल्याकडे गेले, मलाही नेलं, आणि काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभे राहिले. तो बिचारा वैतागला होता.

क्रँकला (पिस्टनच्या वरखाली होण्याने गोल फिरणारा दांडा) रॉड किट पडलं, क्रँक प्रेसमध्ये बसवून डायल लावून सरळ केला, दोन्ही बाजूचे ऑइल सील नवीन. सीलचा खर्च किरकोळ पण ते जुनेच ठेवले तर तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, इंजिन तापतं आणि नवीन पिस्टन परत चिकटतो, म्हणजे एवढा खर्च पाण्यात. सायलेन्सर आतून कार्बनने एवढा भरला होता की उचलल्यावर जड लागायचा, तो कॉस्टिक सोड्यात बुडवून साफ केला. कॉस्टिक लोखंडालाच, ॲल्युमिनियमच्या जवळ पण नेऊ नका, खाऊन टाकतं.

टाकीला मी म्हणलं एम-सील लावू की चाचा, तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललोच नाही. आधी आतून गरम पाणी आणि कॉस्टिकने धुतली, मग भोकांची बाजू वर करून टाकी जवळपास काठोकाठ पाण्याने भरली आणि मग ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळ वितळवून भोकं बुजवली. पाणी अशासाठी की रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते आणि आग दाखवली की टाकी बॉम्बसारखी फुटते. घरी यूट्यूब बघून हे करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

मडगार्ड बदलायचं नाही, तेच ठोकून सरळ करायचं हा चाचांचा हट्ट. मी एक नवीन बनवलेलं मडगार्ड ऑनलाइन शोधलं होतं, दिसायला चकाचक, त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि "गोलाई चुकलीय" म्हणून फोन परत दिला. खरंच चुकली होती, शेजारी ठेवल्यावर दिसलं.

आता रडगाणं. पेंट चाचा स्वतः करत नाहीत, ओळखीच्या पेंटरकडे पाठवतात. दिवाळीनंतर दिलेली गाडी संक्रांतीला मिळणार होती, ती रंगाला गेली आषाढात. नाशिकचा तो सततचा रिमझिम पाऊस, हवेत एवढा दमटपणा, आणि त्या माणसाने उघड्या शेडमध्ये रंग मारला. दोन दिवसांत टाकीवर दुधट सावट आलं, लाल रंग गुलाबी दिसायला लागला. भांडण नाही केलं पण चाचांनी स्वतःच त्याला झापलं आणि उन्हाची उघडीप बघून परत मारून घेतला, तरी मागच्या मडगार्डवर ओघळ आहेच. त्यामुळे माझा सल्ला, फ्रेम आणि पत्रा सरळ करून झाला की गाडी उचला आणि बंद बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेल्या कोणाकडे तरी द्या, पैसे जास्त जातील, जाऊ देत. क्रोमचं काम मात्र झकास आहे, हँडल अजून आरसा.

खर्च विचारणारच तुम्ही. इंजिन मजुरी-पार्टसकट २२ हजारांच्या आसपास, पत्रा, फोर्क आणि टाकी मिळून १५, रंग-क्रोम १८, वायरिंग, केबल, टायर, सीट वेगळं. आधी अंदाज देत नाहीत, उघडल्यावर देतात, आणि मग त्याच्या वर जात नाहीत हे मात्र कबूल करतो. जुना प्रत्येक पार्ट पिशवीत घालून परत देतात, रिंगचे तुकडेसुद्धा.

आरटीओचं काम चाचा बघत नाहीत, ते पेठ रोडला आपलं आपण. २० वर्षांवरच्या दुचाकीची नोंदणी रिन्युअल फी २०२५ पासून २००० रुपये झालीय, वर ग्रीन टॅक्स, आणि रिन्युअल चुकलेलं असेल तर दंड. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने वेगळं व्हिंटेज रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए येतं, नवीन नोंदणीला २० हजार, पण मग गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. मला भाजी आणायला पण न्यायचीय म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

चालते कशी? सहा व्होल्टचा हेडलाइट नावापुरता, अंधार पडायच्या आत घरी या. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) हाताने मिसळायचं, चाचांनी लिटरला ४० मिली सांगितलंय, रनिंग-इन होईपर्यंत, म्हणजे नवीन पार्ट रुळेपर्यंत, थोडं जास्तच आणि ताशी चाळीसच्या वर पळवायची नाही. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येतो, चढाला तक्रार नाही, पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू. सिग्नलला मागे धूर जातो तेव्हा स्कूटीवाले शिव्या देतात आणि पन्नाशीपुढचे काका काच खाली करून "बॉबी ना रे?" विचारतात.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आधी जा, नंतर चाचा लेथवर नाहीतर भंगार बाजारात असतात आणि पोरगा काही सांगत नाही. शुक्रवारी दुपारी बंद. फोन उचलत नाहीत. पावती मिळत नाही, यूपीआय चालतं. आणि पेट्रोल इंजिन काढून इलेक्ट्रिक किट बसवून द्या असं चुकूनही बोलू नका, एकाला माझ्यादेखत गाडीसकट हाकललाय.