सणासुदीच्या डिलिव्हरी तारखा: गुढीपाडवा ते दिवाळी वापरलेल्या प्लगइनचा अनुभव

पुण्यात कोथरूडला आमचं घरगुती फराळाचं आणि उकडीच्या मोदकांचं काम आहे. ऑर्डर वूकॉमर्सवरच्या (वर्डप्रेसमध्ये ऑनलाइन दुकान चालवण्याची सोय) वेबसाइटवर येतात. २०२५च्या गुढीपाडव्याला तिला एक सशुल्क प्लगइन (जादा सोय देणारं जोड-सॉफ्टवेअर) जोडलं, ज्यात गिऱ्हाईक स्वतः डिलिव्हरीची तारीख आणि वेळ निवडतं. दिवाळी पार पडल्यावर हे लिहिते आहे. एरवीच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तेव्हा असली सगळीच प्लगइन नीट चालतात. कस लागतो तो सणांना.

पहिली गोष्ट अशी की हे सॉफ्टवेअर ‘सुट्टी’ म्हणजे दुकान बंद असं धरून चालतं. आमच्याकडे गणेश चतुर्थी ही सरकारी सुट्टी आणि वर्षातला सगळ्यांत मोठा कामाचा दिवस. त्यामुळे सण सुट्ट्यांच्या यादीत टाकायचेच नाहीत. ‘विशिष्ट तारखा’ नावाचा वेगळा भाग असतो, तिथे त्या एका दिवसापुरते वेळेचे स्लॉट, कट-ऑफ (ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ) आणि ऑर्डरची मर्यादा बदलता येते. प्लगइन घेण्याआधी हा भाग आहे का तेवढं बघा. नसेल तर खाद्यपदार्थांच्या धंद्याला त्याचा उपयोग नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

२७ ऑगस्टच्या चतुर्थीला हा भाग मनापासून आवडला. नैवेद्य दुपारच्या आरतीआधी पोचायला हवा, म्हणून त्या दिवशी फक्त सकाळचे स्लॉट ठेवले आणि प्रत्येकाला मर्यादा घातली. स्लॉट भरला की तो दिसायचाच बंद होतो. फोनवर ‘बघते, जमवते’ म्हणत बसण्याची वेळ आली नाही. मात्र मर्यादा मोजण्याची पद्धत आधी तपासा. आमच्यात ऑर्डर मोजता येतात किंवा नग, पण अकरा मोदकांचा डबा एक नग आणि एकवीसचाही एकच. वाफेवर चाळण्या किती लावायच्या हे मोदकांच्या आकड्यावर ठरतं, डब्यांच्या नाही. म्हणून त्या दिवसापुरता फक्त अकराचा डबा विकायला ठेवला. जास्त हवेत त्यांनी दोन डबे घ्यावेत. मग हिशोब बरोबर जुळला.

संकष्टीचं गणित उलटं असतं. उपास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणजे मोदक संध्याकाळी ताजे पोचायला हवेत. १२ ऑगस्टला अंगारकी होती, मागणी नेहमीच्या संकष्टीपेक्षा कितीतरी जास्त. संकष्टीसाठी संध्याकाळच्या स्लॉटचा एक साचा करून ठेवता आला आणि दर महिन्याला तो त्या तारखेला लावला. ही सोय छोटी दिसते, पण तिने माझा बराच वेळ वाचवला.

‘दरवर्षी पुन्हा लागू करा’ अशी एक खूण असते, तिच्याशी जपून. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांना ती ठीक. तिथीने येणाऱ्या सणांना ती लावली तर पुढच्या वर्षी भलताच दिवस बंद होईल. चतुर्थी २०२४ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला, २०२६ला १४ सप्टेंबरला आहे. पंचांग समोर ठेवून वर्षाच्या सुरुवातीला तारखा हाताने भरणं याला पर्याय नाही.

तयार सुट्ट्या आयात करण्याची सोयही दिली आहे. ‘भारत’ निवडलं की यादी येते, आणि त्यात दिवाळी २० ऑक्टोबर. आपल्याकडे २० तारखेला नरक चतुर्दशी होती, लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला, भाऊबीज २३ला. आयात केलेली यादी तशीच ठेवली असती तर अभ्यंगस्नानाच्या सकाळी डिलिव्हरी बंद आणि लक्ष्मीपूजनाला चालू, असं झालं असतं. राज्यातल्या सुट्ट्याही सरकतात: २०२५मध्ये मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ला दिली गेली, कारण ६ला अनंत चतुर्दशी होती. तयार यादी हा कच्चा मसुदा समजावा.

दिवाळीची खरी परीक्षा १९ तारखेला होती. पहाटेच्या आंघोळीनंतर फराळाचं ताट मांडायचं, म्हणजे डबे आदल्या दिवशी घरात हवेत. तो आदला दिवस नेमका रविवार, आमची साप्ताहिक सुट्टी. साप्ताहिक सुट्टी असूनही एखादी तारीख उघडी ठेवता येते का, हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारून ठेवला होता. येते. विशिष्ट तारीख साप्ताहिक नियमावर मात करते. मी पाहिलेल्या दुसऱ्या एका प्लगइनमध्ये याच्या उलट होतं आणि ते नाकारण्याचं कारण तेवढंच.

विसर्जनाच्या दिवशी पिनकोडप्रमाणे तारखा बंद करण्याचा फायदा झाला. लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड, कुमठेकर रोड मिरवणुकीसाठी बंद असतात आणि पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पेठांच्या ४११०३० आणि ४११००२ या पिनकोडसाठी ६ आणि ७ सप्टेंबर बंद ठेवले, कोथरूडचं ४११०३८ उघडं. पेठेतल्या गिऱ्हाइकाला पिनकोड टाकल्याबरोबर ५ तारीख दिसली आणि बहुतेकांनी तीच घेतली. ७च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. वेध पाळणाऱ्या घरांमुळे त्या दिवशीची मर्यादा आम्ही आपणहून कमी ठेवली होती.

आता तक्रार. पदार्थाला लागणारा तयारीचा वेळ प्रत्येक पदार्थाला वेगळा देता येतो, पण त्यात सुट्टीचे दिवस धरायचे की वगळायचे हे सगळ्या साइटला मिळून एकदाच ठरतं. अनारशाचे तांदूळ रविवारीही भिजतात, पीठ रविवारीही मुरतं. चकल्या पाडायला मात्र बायका लागतात आणि त्यांना सुट्टी असते. एकाला सुट्टी धरायला हवी, दुसऱ्याला वगळायला हवी. बनवणाऱ्यांना मी हे लिहून कळवलं, उत्तर सौजन्याचं आलं, सोय अजून आलेली नाही. तोपर्यंत चकलीचा तयारीचा वेळ सणाच्या आठवड्यात हाताने वाढवावा लागतो. शिवाय एकाच ऑर्डरमध्ये अनारसे आणि चिवडा असेल तर अख्ख्या ऑर्डरला अनारशांची तारीख लागते. ते योग्यच आहे, पण गिऱ्हाइकाला कारण दिसत नाही, नुसत्या जवळच्या तारखा करड्या दिसतात. अनारशांच्या पानावर आम्ही एक ओळ लिहिली, तेव्हा फोन कमी झाले.

आणखी दोन तांत्रिक गोष्टी. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता ठेवा. तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर रात्री बाराचा कट-ऑफ आपल्या पहाटे साडेपाचला लागतो, आणि तोवर स्वयंपाकघर सुरू झालेलं असतं. तसंच कॅश प्लगइन (साइट लवकर उघडावी म्हणून पानांची प्रत साठवून ठेवणारं) असेल तर चेकआउटचं पान त्यातून वगळा, नाहीतर भरलेली तारीख रिकामी दिसत राहते.

परदेशच्या फराळासाठी वेगळा डिलिव्हरी झोन केला आणि त्याची शेवटची तारीख बरीच आधीची ठेवली. २९ ऑगस्टपासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची शुल्कमाफी काढली, तेव्हा फक्त अमेरिकेचा झोन बंद करता आला. बाकीचे देश चालू राहिले.

प्लगइनच्या वर्गणीचं नूतनीकरण केलं आहे. २०२६च्या तारखा भरताना एक विशेष गोष्ट आली: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाच्या वाणासाठी तेहतीस अनारसे मागणारी घरं अजून बरीच आहेत, त्यामुळे त्या महिन्यापुरता तेहतीसचा डबा आणि रोजची वेगळी मर्यादा आत्ताच लावली आहे. नोव्हेंबरात नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही ८ तारखेला, रविवारी येतात. फराळाची शेवटची डिलिव्हरी शनिवारी, ७ला.