पावसात लिंक किती दबेल : आयटीयू की क्रेन?

मायक्रोवेव्ह हॉपचं (दोन अँटेनांमधल्या एका रेडिओ टप्प्याचं) फेड मार्जिन, म्हणजे सिग्नल दबला तरी लिंक टिकावी म्हणून ठेवलेली राखीव ताकद, काढायला बसलं की सॉफ्टवेअर विचारतं, पावसासाठी मॉडेल कुठलं, आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं) की क्रेनचं? (लिंक ५ गिगाहर्ट्झच्या खालची असेल तर हा प्रश्न सोडून द्या, तिथे पाऊस फारसं बिघडवत नाही.)

पावसाच्या तीव्रतेवरून दर किलोमीटरला सिग्नलचे किती डेसिबल जातात, ते दोन्ही मॉडेल आधी काढतात. वाटा फुटतात त्यानंतर, कारण मोठी सर हॉपभर सारख्या जोराने कोसळत नाही. आयटीयूची पी.५३० ही शिफारस हॉपची लांबी एका गुणकाने कमी-जास्त करून मोकळी होते. संशोधक रॉबर्ट क्रेन यांचं १९८० चं मॉडेल तीव्रता अंतरागणिक कशी बदलते याची दोन तुकड्यांची वक्ररेषा वापरतं, तीही २२.५ किलोमीटरपर्यंतच.

एक हिशेब करून पाहिला. ५ किलोमीटर, २० गिगाहर्ट्झ, व्हर्टिकल पोलरायझेशन (लहर उभी कंपणारी), पाऊस ताशी १०० मिलिमीटर. आयटीयू म्हणतं सुमारे ३१ डेसिबल, क्रेन ३६. आता आयटीयूतच पोलरायझेशन हॉरिझॉन्टल (आडवं) केलं तर आकडा ३९ वर जातो! थेंब पडताना चपटे होतात, म्हणून आडव्या लहरीला जास्त मार बसतो. आणि पाऊस १०० ऐवजी ८० धरला, तर व्हर्टिकलचे ३१ घसरून २५ होतात. म्हणजे मॉडेलवरून वाद घालण्याआधी या दोन गोष्टी पक्क्या करा.

तरी निवड करायचीच असेल तर तुमच्याकडे पावसाची आकडेवारी किती आहे ते बघा. आयटीयूला वर्षाच्या ०.०१ टक्के वेळ, म्हणजे साधारण ५३ मिनिटं, ओलांडली जाणारी एकच तीव्रता पुरते. बाकीच्या टक्केवाऱ्या सूत्राने निघतात. क्रेनला ज्या टक्केवारीचं उत्तर हवं तिचीच तीव्रता द्यावी लागते. लिंक ९९.९९९ टक्के वेळ चालू हवी असेल तर वर्षातल्या सर्वांत जोरदार पाच मिनिटांचा आकडा हवा, आणि तो विश्वासाने सांगायला बऱ्याच वर्षांच्या नोंदी लागतात. त्या हाताशी असतील तर मी क्रेन घेईन, एरवी आयटीयू.

तासाच्या पावसाची नोंद मात्र दोन्हीकडे चालत नाही, एका मिनिटाची लागते. दहा मिनिटांची सर तासाच्या सरासरीत विरून जाते आणि लिंक पडते ती नेमकी त्याच दहा मिनिटांत.