पहिला मूळ ग्रंथ कोणता घ्यावा: देकार्त की ह्यूम?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे एक-दोन इतिहास वाचून झाले, विवेकवाद (ज्ञानाचा पाया बुद्धी) आणि अनुभववाद (पाया इंद्रियांचा अनुभव) हे शब्द तोंडात बसले, की मूळ ग्रंथ हाती घ्यावासा वाटतो. तेव्हा बहुतेकांसमोर दोनच नावं येतात: देकार्तचं ‘मेडिटेशन्स’ (१६४१) आणि ह्यूमचं ‘एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग’ (१७४८). दोन्ही वाचणार असाल तर देकार्त आधी घ्या. एकाच पुस्तकापुरता वेळ असेल तर मात्र ह्यूम.

देकार्तची सहा चिंतनं आहेत, ह्यूमची बारा प्रकरणं, आणि मजकूर साधारण दुप्पट. पण पानं मोजून ठरवू नका. देकार्तचं पुस्तक साखळीसारखं आहे, एक कडी निसटली की पुढचं काहीच लागत नाही. ह्यूमची प्रकरणं बऱ्यापैकी सुटी वाचता येतात.

देकार्तचं पहिलं चिंतन म्हणजे ‘सगळ्यावर शंका घ्या’ असं सरसकट फर्मान नव्हे. त्यात पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरी आधीची अपुरी पडली म्हणून येते. इंद्रियं फसवतात, पण लांबच्या नाहीतर बारीक गोष्टींबाबत. मी शेकोटीजवळ बसलोय हे त्यानं डळमळत नाही. म्हणून स्वप्नाचा मुद्दा येतो. स्वप्नातही दोन अधिक तीन पाचच होतात, म्हणून पुढची शंका: मला घडवणारी सर्वशक्तिमान शक्तीच फसवत असेल तर? कपटी राक्षस येतो तो त्याही नंतर, जुन्या समजुती पुन्हा डोकं वर काढू नयेत म्हणून. वाचताना समासात ‘काय टिकलं, काय गेलं’ एवढं टिपत गेलात तरी हे चिंतन हाती लागतं.

दुसऱ्या चिंतनात अनेकजण ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे वाक्य शोधत बसतात. ते त्या रूपात इथे नाहीच. ते त्याच्या १६३७च्या फ्रेंच पुस्तकात, ‘डिस्कोर्स ऑन द मेथड’मध्ये आहे. इथे देकार्त म्हणतो, ‘मी आहे’ हे विधान मी जेव्हा जेव्हा उच्चारतो किंवा मनात आणतो, तेव्हा ते खरंच असतं. मग येतो मेणाचा तुकडा. नुकताच पोळ्यातून काढलेला, मधाची चव आणि फुलांचा वास अजून असलेला, टणक, गार, बोटानं ठोकला तर आवाज देणारा. विस्तवाजवळ नेला की चव, वास, आकार, आवाज सगळं जातं. तरी ‘तेच मेण’ असं आपण म्हणतो. हे इंद्रियांना कळत नाही, बुद्धीला कळतं. आणि मेण ओळखण्याच्या प्रत्येक कृतीत मेणापेक्षा माझं मनच मला अधिक स्पष्ट कळतं, हा त्यातला खरा मुद्दा. मेणाच्या गुणधर्मांत रमलेला वाचक नेमका तोच हुकवतो.

गाडी अडते ती तिसऱ्या चिंतनात. इथे ‘ऑब्जेक्टिव्ह’ शब्दाचा अर्थ आजच्या जवळजवळ उलटा आहे: कल्पनेत आशय म्हणून जे असतं ते. ‘वस्तुनिष्ठ’ असं धरून वाचलंत तर ईश्वराच्या अस्तित्वाचा युक्तिवाद निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल. दुसरी अडचण खरीखुरी आहे. स्पष्ट आणि निःसंदिग्ध कळतं ते खरं, याची हमी ईश्वर देतो; पण ईश्वर आहे हे सिद्ध कशानं होतं? स्पष्ट आणि निःसंदिग्ध कळण्यानंच. हे चक्र देकार्तचा समकालीन विचारवंत आर्नो यानं तेव्हाच दाखवलं होतं, पुस्तकासोबत छापलेल्या आक्षेपांपैकी चौथ्या आक्षेपांत. म्हणून आक्षेप आणि उत्तरं वगळलेली आवृत्ती घेऊ नका. अर्धी मजा तिथेच आहे.

ह्यूमकडे असा एक मोठा अडथळा नाही. अडचण आहे ती अठराव्या शतकातल्या लांबलचक इंग्रजी वाक्यांची. क्रम असा ठेवा: प्रकरण २, ४, ५, ७, मग १२. चमत्कारांवरचं दहावं प्रकरण चटपटीत आहे खरं, पण तिथून सुरुवात केली तर अख्खं पुस्तक धर्मावरची टीका वाटू लागतं.

चौथं प्रकरण पुस्तकाचा कणा. पाणी प्रवाही आणि पारदर्शक आहे एवढ्यावरून ते आपल्याला गुदमरवेल, हे आदमला (बायबलमधल्या पहिल्या माणसाला) कितीही तल्लख बुद्धी असली तरी काढता आलं नसतं. घरी कॅरम असेल तर स्ट्रायकर सोंगटीला लागताना नीट बघा (ह्यूमकडे बिलियर्डचे चेंडू आहेत): एक हालचाल दिसते, मग दुसरी दिसते, मधली ‘शक्ती’ दिसत नाही. मग पुढच्या वेळीही तसंच होईल ही खात्री कुठून? पाचवं प्रकरण उत्तर देतं: सवयीतून. व्याप्तीवरचा (‘धूर तिथे अग्नी’ अशा कायमच्या संबंधावरचा) चार्वाकांचा आक्षेप ज्यांना माहीत आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. तरीही ह्यूम कारणं नाकारतो असा अर्थ काढू नका; अनुमानाचा पाया बुद्धीत नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

सातव्या प्रकरणाच्या शेवटी कारणाच्या दोन व्याख्या आहेत. एक वस्तूंबद्दलची: पहिलीसारख्या सर्व वस्तूंमागून दुसरीसारख्या वस्तू येतात. दुसरी मनाबद्दलची: पहिली दिसली की मन दुसरीकडे वळतं. या दोन्ही व्याख्या वहीत शेजारी शेजारी उतरवा आणि एक लागू पडते पण दुसरी नाही, असं उदाहरण शोधा. कोणाच्याच पाहण्यात न आलेला भूकंप घ्या.