रिम ब्रेक की डिस्क? गोव्यात माउंटन बाइक घेण्याआधी

वाड्यावरच्या एका वहिनींनी परवा विचारलं, "दादा, पोरासाठी दोन सायकली बघून आलो. एकीला डिस्क ब्रेक, दुसरीला साधा रबराचा. किंमत जवळपास सारखीच. डिस्कवालीच घेऊ ना?" मी लगेच हो म्हणालो नाही. त्यांना विचारलं, डिस्क तेलावर चालते की तारेवर? साध्या ब्रेकवालीची रिम लोखंडी आहे की ॲल्युमिनियमची? आणि पोरगा पावसात सायकल काढणार का? ही तीन उत्तरं हातात आल्याशिवाय कुठला ब्रेक चांगला हे सांगता येत नाही. दुकानात मात्र यातलं काहीच कोणी विचारत नाही.

माउंटन बाइकवर येणारा रबराचा ब्रेक म्हणजे व्ही-ब्रेक. चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन बाजूंना दोन उभे दांडे असतात. तार ओढली की ते जवळ येतात आणि रबराचे गुटके रिमला दोन्हीकडून दाबतात. शिमानोने हा ब्रेक १९९६ साली बाजारात आणला. त्याआधीच्या, रिमलाच दाबणाऱ्या कँटिलिव्हर ब्रेकपेक्षा तो बराच जोरकस होता, लावायला सोपा होता, आणि थोड्याच वर्षांत माउंटन बाइकवर तोच सगळीकडे दिसू लागला. डिस्क आली म्हणून त्याची ताकद कमी झालेली नाही. सव्वीस इंची चाकाची रिम साधारण ५६ सेंटिमीटर व्यासाची असते आणि नेहमीची डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरची चकती जिला दोन पॅड दोन्हीकडून दाबतात, ती १६ सेंटिमीटरची. चाक थांबवायला रिमवर जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे साडेतीनपट जोर त्या छोट्या डिस्कवर लावावा लागतो. रिम ब्रेकला हा फायदा जन्मापासूनच आहे. कोरड्या डांबरावर चांगला बसवलेला पुढचा व्ही-ब्रेक दोन बोटांनी जोरात दाबला, तरी मागचं चाक जमिनीवरून उचललं जाऊ शकतं. सायकल याहून लवकर थांबवायला ब्रेक वाढवून उपयोग नाही, कारण पुढची मर्यादा तुमच्या तोलाची आणि टायरच्या पकडीची असते.

मग सायकलसोबत आलेले रिम ब्रेक इतके निराश का करतात? माझ्या पाहण्यात दोष व्ही-ब्रेकच्या रचनेत क्वचितच असतो. स्वस्त सायकलीत पैसे जिथे वाचवता येतात तिथे वाचवलेले असतात. गुटक्यांचं रबर टणक असतं, वर्षभर दुकानात उभं राहून आणखी टणक होतं. लिव्हर प्लास्टिकची असते. जोर लावला की तीच वाकते आणि तो जोर रिमपर्यंत पोचत नाही. तारेच्या बाहेरच्या नळीत आतलं अस्तर नसतं, त्यामुळे तार घासत सरकते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत एका पावसाळ्यात गंजते. शिवाय जुळणी घाईत झालेली असते. एक गुटका रिमला चिकटलेला, दुसरा अर्धा सेंटिमीटर लांब. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलणं, काढलेला नसतो, मग रिम एका जागी घासते म्हणून मेकॅनिक तार सैल सोडतो आणि लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबावी लागते.

हे माझ्याच सायकलीवर अनुभवलं आहे. नवी घेतली त्या वर्षी जुलैत फर्मागुडीचा उतार उतरत होतो. पुढची बस थांबली. मी दोन्ही लिव्हर मुठीपर्यंत दाबल्या आणि सायकल जशीच्या तशी पुढे जात राहिली. रस्त्याकडेच्या तांबड्या चिखलात घातली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी गुटके बदलले, तार आणि नळी नवी टाकली, चाकांचा आउट काढून घेतला. ब्रेकचे दांडे तेच ठेवले. पुढच्या आठवड्यात त्याच उतारावर, तशाच पावसात, सायकल वेळेत थांबली. खर्च काही शे रुपयांचा होता आणि तो मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

गुटके घेताना ओल्यासाठी बनवलेलं मऊ रबर मागा. कूल-स्टॉपचे फिकट केशरी-गुलाबी रंगाचे गुटके त्यासाठी नावाजलेले आहेत. ते नाही मिळाले तर शिमानो किंवा टेक्ट्रोचे घ्या. सायकलसोबत आलेल्या टणक रबरापेक्षा ते खूपच बरे. बसवताना गुटका टायरला लागता कामा नये. रिमच्या वरच्या कडेखाली एक-दोन मिलिमीटर राहू द्या. गुटक्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित आधी टेकेल असं ठेवलं की किंचाळणं थांबतं.

आता रिमचा प्रश्न, कारण तो सगळ्यात कमी विचारला जातो. दुकानात जाताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. रिमला चिकटलं तर रिम लोखंडी. चकचकीत मुलाम्याच्या लोखंडी रिमवर पाणी पडलं की रबर नुसतं घसरतं, कितीही चांगला गुटका लावा. आमच्याकडे पहाटे पाव घेऊन येणारा पदेर जुन्या लोखंडी रिमच्या सायकलवर भर पावसात येतो हे खरं. पण त्याला नीट बघा. उताराला तो वेग धरतच नाही, तीव्र उतार असला तर उतरून चालतो. कित्येक वर्षांच्या सवयीने त्याने स्वतःला सांभाळलेलं आहे. बारा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करू नका. लोखंडी रिमवर रबराचा ब्रेक असलेली माउंटन बाइक गोव्यात घेऊच नका.

पावसात रिम ब्रेक नेमका कुठे कमी पडतो? ॲल्युमिनियमच्या ओल्या रिमवर गुटक्यांना आधी पाणी पुसून काढावं लागतं. त्यात चाकाच्या दोन-तीन फेऱ्या जातात. एक फेरी सुमारे दोन मीटरची. म्हणजे ब्रेक धरण्याआधी चार ते सहा मीटर गेलेलेच असतात. सवय असलेला माणूस उतार लागण्याआधीच लिव्हर हलकी दाबून रिम पुसून ठेवतो. आडवी आलेली गाय मात्र कोणाला सूचना देऊन येत नाही. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे वर्षातले चार महिने ही उणीव रोज तुमच्यासोबत असते.

त्याहून वाईट म्हणजे चिखल. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या वाटांवर जांभ्याची बारीक खर आणि खनिजाची धूळ असते. ती पाण्यात मिसळून रिमवर बसली की गुटका आणि रिम यांच्यामध्ये पॉलिशपेपर ठेवल्यासारखं होतं. एका पावसाळ्यात माझ्या गुटक्यांच्या दोन जोड्या संपल्या आहेत. गुटके बदलता येतात, रिम खचते तिचं काय? ब्रेक लागतो त्या भिंतीवर बोट फिरवा. मधे खळगा लागला, किंवा झीज दाखवणारी खाच नाहीशी झाली असेल, तर ती रिम काढून टाका. पातळ झालेली भिंत टायरमधल्या हवेच्या दाबाने फुटू शकते. डिस्कच्या सायकलीत झिजते ती डिस्क आणि तिचे पॅड. रिम शाबूत राहते. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि जंगलात फिरणाऱ्यासाठी डिस्ककडे वळण्याचं हे मोठं कारण आहे.

तारेची डिस्क मी थोडक्यात आटोपतो. चांगल्या बनावटीची असेल तर पावसात आणि चिखलात ती व्ही-ब्रेकपेक्षा विश्वासू. पण स्वस्त सायकलीवर जी येते तिच्यात एकच पॅड हलतो, तो डिस्क वाकवून दुसऱ्या पॅडवर दाबतो, आणि तार, नळी, लिव्हर तीच निकृष्ट असते. नीट केलेल्या व्ही-ब्रेकपेक्षा ती कोरड्यात बहुधा कमजोर वाटते. केवळ "डिस्क ब्रेक" हे स्टिकर पाहून अशी सायकल मुलाला देणाऱ्या आईवडिलांबद्दल मला फार वाईट वाटतं. त्यांनी सुरक्षिततेसाठीच पैसे मोजलेले असतात.

तेलाची, म्हणजे हायड्रॉलिक डिस्क ही वेगळी गोष्ट आहे. एका बोटाने हवा तेवढाच जोर देता येतो, पॅड झिजले तरी ते आपोआप पुढे सरकतात, ओल्यातही तिच्यावर जवळजवळ कोरड्याइतकाच विश्वास ठेवता येतो. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. रिम ब्रेकने तो घाट उतरताना बोटं दुखायला लागतात, रिम हाताला चटका बसेल इतकी तापते, मधे थांबावं लागतं. हायड्रॉलिकने हात मोकळे राहतात आणि वळणाकडे लक्ष देता येतं. तिचे नखरे मात्र माहीत असावेत. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड आत येऊन मिटतात. मधे पुठ्ठा घालून ठेवा. साखळीला तेल फवारताना डिस्क झाका, कारण तेल लागलेला पॅड बहुधा टाकावाच लागतो. तेलातली हवा काढणारा मेकॅनिक पणजी, म्हापसा, मडगावात मिळेल. वाळपईच्या पुढे राहत असाल तर हे आधीच धरून चला. व्ही-ब्रेकची तार तुटली तर गावातला कोणीही बदलून देतो.

"आता व्ही-ब्रेकवाली घेतो, पुढे डिस्क लावू," असं पुष्कळ जण म्हणतात. त्यासाठी फ्रेमवर आणि चिमट्यावर डिस्कच्या ब्रेकची बसकण असावी लागते आणि हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, डिस्क बसवण्याची सोय. त्या नसतील तर चाकं आणि चिमटा बदलण्याचा खर्च सायकलच्या किमतीला येऊन टेकतो. बसकण असेल तर तारेच्या डिस्कला व्ही-ब्रेकच्याच लिव्हर बहुतेक वेळा चालतात. घाट आणि जंगल हेच वेड असेल तर थोडं थांबून पैसे साठवा आणि पहिल्यापासून हायड्रॉलिक घ्या.

वहिनींचा मुलगा फोंड्यातल्या फोंड्यात शाळेला जाणार होता, पावसात बसने. त्या दुकानातली डिस्क तारेची निघाली. साध्या सायकलीच्या रिमला चुंबक चिकटलं नाही. त्यांनी तीच घेतली आणि मी त्याच संध्याकाळी गुटके बदलले. त्याचे हात लहान आहेत म्हणून लिव्हरचा छोटा स्क्रू फिरवून ती मुठीच्या जवळ आणली. मग त्याला अंगणात उभं करून आधी फक्त मागचा, मग दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला लावले, दहा-बारा वेळा, आणि शेवटी वहिनींनी रिमवर तांब्याभर पाणी ओतल्यावर पुन्हा.