लिथियमची घरपोच रक्ततपासणी: 14 महिने वापरल्यानंतर

माझा थोरला भाऊ बरीच वर्षे लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेतो, त्यामुळे दर तीन महिन्यांनी त्याच्या रक्तातली पातळी पाहावी लागते. रांगेत बसून दादाचा जीव घाबरा होतो, म्हणून मी घरपोच सेवा घेतली. त्यासाठी वेगळे पडणारे दीडशे रुपये मला कधी खटकले नाहीत. पहिले तीन अहवाल त्याच संध्याकाळी आले आणि मी चार जणांना ही सेवा सुचवलीही.

चौथ्या वेळी आकडा आला 2.6. डॉक्टरांनी दादासाठी 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर ही पातळी ठरवून दिली आहे आणि 1.5 च्या पुढे विषबाधेचा धोका असतो. दादा मात्र समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता. हातांना कंप नव्हता, उलट्या-जुलाब नव्हते, चालताना तोलही जात नव्हता. प्रयोगशाळेने फोनवर ‘आमचे यंत्र बरोबर आहे’ एवढेच तीनदा सांगितले. डॉक्टरांनी आम्हांला ताबडतोब रुग्णालयात बोलावले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “नळीचे बूच कोणत्या रंगाचे होते?” हिरवे होते. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेले असते आणि ते पुष्कळदा लिथियम हेपॅरिनच असते. म्हणजे जे मोजायचे, तेच नळीत आधीपासून हजर. लाल बुचाच्या साध्या नळीत पुन्हा रक्त घेतले, तेव्हा, म्हणजे गोळी घेतल्यानंतर 22 तासांनी, पातळी 0.5 निघाली.

तपासणीचे पैसे परत मिळाले, रुग्णालयाचा खर्च आमच्याच माथी बसला. तरीही पैशापेक्षा मला याचा राग आहे, की रुग्णाला काय होते आहे, हे प्रयोगशाळेत एकानेही विचारले नाही.

लेखी तक्रारीनंतर मात्र फरक पडला, हे नमूद करायलाच हवे. आता येणारी मुलगी रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते विचारून चिठ्ठीवर लिहिते. उणीव उरली आहे ती वेळेची. दादा रात्री दहाला गोळी घेतो, बारा तासांनी म्हणजे सकाळी दहाला रक्त घ्यायला हवे, आणि हे लोक ‘उपाशीपोटी’ म्हणून सातचीच वेळ पुढे करतात. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. उलट तीन तास आधी घेतलेल्या रक्तात आकडा फुगलेला दिसतो आणि त्यावरून गोळी विनाकारण कमी होऊ शकते. त्यामुळे मी दर वेळी फोन करून दहाची वेळ मागून घेते, आणि लाल बूच स्वतः पाहिल्याशिवाय दादा बाही वर करत नाही.