काबूलची जिरगा, पुण्याचे सभागृह: दोन दिवसांच्या कार्यशाळेचे परीक्षण

मध्यस्थीचे प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेने पुण्यात शनिवार-रविवार असे दोन दिवस घेतलेल्या कार्यशाळेला मी साडेचार हजार रुपये भरून गेलो होतो. विषय होता, शेजारी देशांच्या सीमेवर दोन्हीकडे राहणाऱ्या टोळ्यांची शांतता परिषद कशी आखावी. अभ्यासासाठी निवडलेले उदाहरण होते ऑगस्ट 2007 मध्ये काबूलला भरलेली अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांची संयुक्त शांतता जिरगा, म्हणजे टोळ्यांच्या जाणत्यांची पंचायत. मी सहा वर्षे जुन्नर तालुक्यातल्या एका गावच्या तंटामुक्त समितीवर काम केले असून आता न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसतो. त्यामुळे बांधाचे आणि पाटाच्या पाण्याचे तंटे मिटवणाऱ्या माणसाला या विषयातून काय मिळते, या कुतूहलाने गेलो. संस्थेचे नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या मी संस्थेला पत्राने वेगळ्या कळवल्या आहेत.

पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हाती एक जाडसर फाइल देण्यात आली आणि ती खरोखर चांगली होती. तिच्यात 1893 च्या ड्युरँड रेषेचा, म्हणजे या दोन देशांमधल्या सीमेचा, नकाशा होता, पाकिस्तानच्या बाजूच्या तेव्हाच्या सातही टोळीक्षेत्रांची माहिती होती, आणि वझीर, मोहमंद, शिनवारी अशा टोळ्यांची घरे, कुरणे आणि सोयरिकी रेषेच्या दोन्ही अंगांना कशा पसरल्या आहेत हे रंगांनी दाखवले होते. परिषदेची कल्पना कोठून आली हेही नेमकेपणाने दिले होते. सीमेपलीकडून होणाऱ्या हल्ल्यांवरून अफगाणिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष हमीद करझाई आणि पाकिस्तानचे परवेझ मुशर्रफ एकमेकांवर उघड आरोप करत असताना, 27 सप्टेंबर 2006 रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष बुश यांनी दोघांना जेवायला बोलावले आणि त्या भेटीतून संयुक्त जिरगेचा विचार पुढे आला. म्हणजे टोळ्यांच्या पंचायतीचा मुहूर्त टोळ्यांच्या मुलखापासून हजारो मैलांवर ठरला. फाइलमध्ये ही गोष्ट निव्वळ माहिती म्हणून एका ओळीत आली आहे. माझ्या मते संपूर्ण कार्यशाळा त्या एका ओळीभोवती उभी करता आली असती.

सर्वांत मोलाचा भाग शनिवारी सकाळचा. प्रशिक्षकांनी फलकावर काही न लिहिता, जमिनीवर सुतळीचे एक वर्तुळ घालून, पश्तून मुलखातली खरीखुरी जिरगा कशी चालते ते दीड तास समजावून सांगितले. तिथे अध्यक्ष नसतो, मते मोजली जात नाहीत, आणि गोलात बसलेल्या जाणत्यांचे एकमत होईपर्यंत बैठक चालू राहते. हे वरवर आपल्या पारावरच्या बैठकीसारखे वाटते. परंतु पारावर सहसा नसणारी चार हत्यारे तिच्याजवळ असतात. पहिले ‘वाक’, म्हणजे दोन्ही पक्षांनी निर्णयाचा अधिकार जिरगेच्या हाती सोपवणे. दुसरे ‘मचलघा’, म्हणजे दोघांनी आधीच ठेवलेली अनामत. ती रोख असेल, बंदुका असतील किंवा गुरेढोरे, आणि निर्णय मोडणाऱ्याची ती जप्त होते. तिसरे ‘तीगा’. या शब्दाचा अर्थ दगड; दगड ठेवला म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणी कोणावर हात उचलायचा नाही. चौथे ‘नाघा’, म्हणजे दंड, आणि तो वसूल करण्यासाठी प्रसंगी टोळीचे सशस्त्र पथकही निघते.

प्रशिक्षकांनी पिशवीतून मुठीएवढा एक काळा दगड काढून सुतळीच्या मधोमध ठेवला आणि दोन सहभागींना सांगितले की हा दगड इथे असेपर्यंत तुमच्यातले भांडण तुमच्या मालकीचे राहिलेले नाही. आमच्या समितीच्या नोंदवहीत सह्या आणि अंगठे पुष्कळ असत, पण मोडणाऱ्याचे काय जप्त होईल याचा रकाना नव्हता, हे मला तेव्हा प्रकर्षाने जाणवले. योगायोग असा की महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली ती 15 ऑगस्ट 2007 रोजी, काबूलची जिरगा संपल्यावर तिसऱ्या दिवशी. अर्थात जिरगेच्या सामुदायिक शिक्षेला काळी बाजूही आहे. एकाच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या टोळीला धरण्याची मुभा इंग्रजांच्या 1901 च्या सीमा गुन्हे नियमावलीने सरकारलाच दिली होती, आणि आपल्याकडे जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हा मुद्दा मी मांडला तेव्हा प्रशिक्षकांनी तो टाळला नाही, हे त्यांच्या श्रेयाला लिहिले पाहिजे.

दुपारी भूमिका वाटल्या गेल्या आणि इथून कार्यशाळेचा तोल ढळला. मूळ जिरगेत दोन्ही देशांचे मिळून सुमारे सातशे प्रतिनिधी होते. आम्ही अठ्ठावीस जण होतो. माझ्या वाट्याला पाकिस्तानच्या टोळीक्षेत्रांपैकी उत्तर वझिरिस्तानातल्या एका मलिकाची, म्हणजे सरकारमान्य टोळीप्रमुखाची, चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिले होते: ‘तुम्हाला निमंत्रण आहे. तुम्ही जाणार नाही.’ एवढेच. उद्घाटन सुरू झाले, बाकीचे सगळे आत गेले, आणि मी दक्षिण वझिरिस्तानच्या चिठ्ठीवाल्या एका तरुण वकीलबाईंबरोबर बाहेरच्या बाकावर बसून चहा पीत राहिलो. अर्ध्या तासाने मी आत डोकावून विचारले की आम्ही आता काय करायचे. संयोजक गडबडले आणि म्हणाले, तुम्ही निरीक्षण करा. बंद दाराआडचे निरीक्षण कसे करायचे, हे काही त्यांनी सांगितले नाही.

पुढे विचार करता वाटले की ही चूक नकळत फार खरी उतरली होती. प्रत्यक्षातही उत्तर आणि दक्षिण वझिरिस्तानच्या वडीलधाऱ्यांनी काबूलला जायचे नाकारले, पाकिस्तानातल्या धार्मिक पक्षाचे नेते मौलाना फजलुर रहमान गेले नाहीत आणि तालिबानला बोलावलेलेच नव्हते. ज्यांच्या मुलखात आग लागली होती तेच नेमके बाहेर राहिले. त्याची कारणे फाइलमध्ये चार ओळींत उरकली आहेत, परंतु आखणी शिकायची तर शिकण्यासारखे तिथेच होते. सप्टेंबर 2006 मध्ये उत्तर वझिरिस्तानातल्या मिरानशाहला सरकार आणि तिथले सशस्त्र गट यांच्यात जिरगेच्या मध्यस्थीने करार झाला होता. जुलै 2007 मध्ये इस्लामाबादच्या लाल मशिदीवर लष्करी कारवाई झाली आणि त्याच सुमारास तो करार मोडला. वझिरिस्तानात लष्कर आणि सशस्त्र गट पुन्हा समोरासमोर उभे असताना तिथल्या मलिकाने महिन्याभरात काबूलला जाऊन सरकारच्या बाजूने बसावे, ही अपेक्षा करणाऱ्याने त्याच्या परतीच्या वाटेचा विचार केलेला नसतो. आमच्याकडे बैठकीला कोण आले हे पाहण्याआधी कोण आले नाही हे पाहतात, आणि त्याच्या घरी जाऊन आल्याखेरीज नारळ फोडत नाहीत. पहिल्याच संध्याकाळी आम्हा दोघांकडे कोणी बोलणी करायला आले असते, तर बाकावरचा तो वेळ कार्यशाळेतला सर्वांत उपयोगी ठरला असता.

एक प्रसंग मात्र संयोजकांनी झकास वठवला. मुशर्रफ यांची भूमिका करणाऱ्या गृहस्थांना उद्घाटनाच्या दहा मिनिटे आधी बाजूला घेऊन ‘तुम्ही येणार नाही’ असे सांगण्यात आले, आणि स्वागताची भाषणे तयार करून बसलेल्या अफगाण बाजूची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती, असे मला नंतर सांगण्यात आले, कारण मी बाहेर होतो. मुशर्रफ यांनी खरोखरच आदल्या दिवशी येणे रद्द केले, 9 ऑगस्टच्या उद्घाटनाला पंतप्रधान शौकत अझीज आले, आणि 12 तारखेच्या समारोपाला मात्र मुशर्रफ स्वतः हजर झाले. त्या भाषणात त्यांनी अफगाण बंडखोरांना पाकिस्तानच्या भूमीवरून पाठबळ मिळते हे मान्य केले, जे एरवी पाकिस्तानी नेते उघडपणे बोलत नसत. प्रमुख पाहुणा ऐनवेळी आला नाही तर कार्यक्रमपत्रिकेचे काय करायचे, आणि तो शेवटच्या दिवशी येऊन काही अनपेक्षित बोलला तर ते ठरावात कसे उतरवायचे, यावरची नंतरची चर्चा नेमकी आणि उपयुक्त झाली.

बैठकीच्या मांडणीविषयी मला गंभीर तक्रार आहे. सकाळी सुतळीचे वर्तुळ घालून दाखवणाऱ्या मंडळींनी दुपारी मंच, ध्वनिक्षेपक आणि रांगेने खुर्च्या मांडल्या. कारण विचारता उत्तर मिळाले की काबूललाही असेच होते. ते बरोबर आहे. 2002 आणि 2003 च्या लोया जिरगा, म्हणजे अफगाणिस्तानच्या देशव्यापी महासभा, ज्या भव्य तंबूत भरल्या होत्या त्याच तंबूत हीदेखील भरली, आणि सातशे माणसे गोलात बसून एकमताला येऊ शकत नाहीत हेही उघड आहे. परंतु मग प्रशिक्षकांनी निदान एवढे तरी स्पष्ट सांगायला हवे होते की नाव जिरगेचे आणि घडण सरकारी परिषदेची होती. काबूलमध्ये जमलेल्यांपैकी कोणाला ‘वाक’ मिळाला होता? लढणारे पक्षच नव्हते, तर तो देणार कोण? अनामत कोणी ठेवली होती? दोन्ही सरकारांनी आपापले प्रतिनिधी निवडले, त्यांत मंत्री, खासदार आणि काही महिलाही होत्या, आणि ही निवड वाईट होती असे माझे म्हणणे नाही. पण त्यांच्यापैकी कोणीही निर्णय मोडला असता तर त्याचे काहीही जप्त होणार नव्हते. सकाळचा धडा आणि दुपारचा प्रयोग यांना जोडणारा हा प्रश्न दोन दिवसांत व्यासपीठावरून एकदाही आला नाही.

रविवारी जाहीरनामा लिहिण्याचा सराव होता. गट पाडून, पन्नास मिनिटांत, दोन्ही बाजूंना मान्य होईल असा मसुदा तयार करायचा होता, आणि एका शब्दावर, ‘आश्रयस्थाने’ म्हणावे की ‘तथाकथित आश्रयस्थाने’, आमच्या गटाची वीस मिनिटे गेली. (हो, दुसऱ्या दिवशी आम्हाला आत घेतले.) मूळ जाहीरनाम्यात दोन्ही देशांनी आपल्या भूमीवर दहशतवाद्यांना आश्रय किंवा प्रशिक्षण मिळू न देण्याचे वचन दिले होते, अफूच्या पिकाचा आणि हिंसेचा संबंध मान्य केला होता, आणि पाठपुराव्यासाठी प्रत्येक बाजूचे पंचवीस अशी पन्नास जणांची ‘जिरगगई’, म्हणजे धाकटी जिरगा, नेमली होती. विरोधकांशी बोलणी पुढे नेणे आणि पुढची मोठी जिरगा पाकिस्तानात भरवणे ही तिची कामे. मला विचाराल तर संपूर्ण आखणीत शहाणपणाचा भाग एवढाच होता, कारण पन्नास माणसे एका वर्तुळात बसू शकतात.

परंतु फाइल 12 ऑगस्ट 2007 लाच संपते. ही माझ्या मते या कार्यशाळेची सर्वांत मोठी उणीव आहे, कारण आखणी बरी होती की नाही हे पुढच्या काही वर्षांतच दिसते. त्या नोव्हेंबरात पाकिस्तानात आणीबाणी लागू झाली, डिसेंबरात तिथल्या तालिबानी गटांनी एकत्र येऊन संघटना बांधली, त्याच महिन्यात बेनझीर भुट्टो मारल्या गेल्या, आणि जिरगगईची इस्लामाबादमधली बैठक ऑक्टोबर 2008 पर्यंत लांबली. दरम्यान मार्च 2008 मध्ये पाकिस्तानच्या टोळीमुलखात दर्रा आदमखेलला जमलेल्या जिरगेवर आत्मघाती हल्ला होऊन सुमारे चाळीस माणसे मरण पावली, आणि पुढे मार्च 2011 मध्ये उत्तर वझिरिस्तानातल्या दत्ता खेलला क्रोमाइटच्या खाणीचा वाद सोडवायला बसलेल्या जिरगेवर अमेरिकी ड्रोनने क्षेपणास्त्रे टाकली, तिथेही जवळपास तेवढेच बळी गेले. सहभागींच्या सुरक्षेवरचे फाइलमधले प्रकरण तंबूच्या दारापाशी संपते. गावी परतलेल्या वडीलधाऱ्याचे काय, हा प्रश्न वकीलबाईंनी विचारला तेव्हा वेळ संपत आल्याचे सांगून चहाची सूचना झाली. प्रशिक्षकांना उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. चहाच्या वेळी त्यांनी आम्हाला वरच्या दोन्ही घटना तपशिलाने सांगितल्या. मग ते फाइलमध्ये का नाही?

सोयींबद्दल थोडक्यात: सभागृह हवेशीर होते, दोन्ही दिवसांचे जेवण साधे आणि गरम होते, शनिवारची मटकीची उसळ विशेष, आणि वेळापत्रक मोठ्या काटेकोरपणे पाळले गेले, कधी कधी नको तितक्या. साडेचार हजार रुपये पहिल्या सकाळसाठी आणि नकाशांसाठी मला जास्त वाटत नाहीत. उरलेल्या दीड दिवसासाठी वाटतात. मध्यस्थी केंद्रात, ग्रामसभेत किंवा सहकारी संस्थांच्या वादांत काम करणाऱ्यांनी जरूर जावे, परंतु केवळ आंतरराष्ट्रीय राजकारणाची आवड असलेल्यांना सकाळचे सत्र वगळता नवे फारसे मिळणार नाही. पुढच्या तुकडीत जाणाऱ्या कोणाच्या हाती वझिरिस्तानची चिठ्ठी आलीच, तर त्याने बाकावर बसून राहू नये, संयोजकांकडे तो काळा दगड मागून घ्यावा आणि दाराबाहेर ठेवावा. आम्हाला ते सुचले रविवारी दुपारी, निरोपाचे पेढे वाटले जात असताना.