केनेसेथ एलियाहू: कुठवर जायचं, कुठे थांबायचं

मुंबईतल्या काळा घोड्याचं हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जेकब ससून यांनी १८८४ साली वडील एलियाहू यांच्या स्मरणार्थ बांधलं. २०१९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. रंगीत काचा आणि खांब सुरेखच आहेत, पण नुसती वास्तू पाहून परतू नका. तनाखमधल्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातल्या, पवित्र गोष्टींपासून अंतर राखण्याच्या सीमा इथल्या मांडणीत दिसतात.

पश्चिमेच्या भिंतीत, यरुशलेमच्या दिशेला, हेखल म्हणजे तोरा (मोशेच्या पाच ग्रंथांची चर्मपत्राची गुंडाळी) ठेवण्याची जागा आहे. तिचा पडदा सरकवायचा नाही. मधोमध तेवा, म्हणजे वाचनाचा चौथरा. फोटोसाठी त्यावर चढणं ही पाहुण्यांची ठरलेली चूक. बगदादी ज्यूंच्या रीतीने तोरा ‘तीक’ नावाच्या कडक पेटीत उभी ठेवून वाचतात. मंडळीतले लोक तीकला हात लावून चुंबन घेतात. आतल्या चर्मपत्राला मात्र उघडं बोट लागत नाही, ओळ दाखवायला ‘याद’ ही काठी असते.

सिनेगॉग म्हणजे यरुशलेमचं मंदिर नव्हे, इथे परमपवित्र स्थान, म्हणजे त्या मंदिराचा सर्वांत आतला कक्ष, नाही. पण अंतर राखायची सवय तिथलीच आहे. सिनाय डोंगराभोवती हद्द आखायला देव सांगतो (तनाखमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय १९), आणि लोकांचा नेता मोशे वर गेल्यावर लोकांना पुन्हा बजावायला त्याला खाली धाडतो. ‘आधीच सांगितलंय’ असं मोशे म्हणतो, तरीही. कारण तिथेच दिलं आहे: हद्द मोडून लोक मरू नयेत. शिंगाचा दीर्घ नाद झाला की वर जायला मुभाही आहे, म्हणजे ती हद्द कायमची नव्हती. हे फार कमी जण लक्षात घेतात. उज्जाची गोष्टही अर्धीच सांगितली जाते: बैल अडखळले तेव्हा कराराचा कोश सावरायला त्याने हात लावला आणि तो मेला, एवढीच. हा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पेटी, लेवी वंशातल्या कहाथी कुळाने दांड्यांनी खांद्यावर वाहायचा होता (गणना हे पुस्तक, ७:९). तो गाडीवर चढवला तिथेच चूक झाली, बैल नंतर अडखळले. पुढे दावीद राजाने लेव्यांच्या खांद्यावरून कोश आणवला, तेव्हा तो नीट पोचला.

ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाका, फोटोआधी परवानगी घ्या. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असतो. तेव्हा, आणि योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशीही, पर्यटक म्हणून जाऊ नका. चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्हीकडून चालत जाता येतं. निर्गम १९ आणि २४ आधी वाचलेत तर इथला पाऊण तास सार्थकी लागेल.